पर्वत बाहेर आला का?

फेअरबँक्समध्ये मार्च महिना हा उन्हाळ्याचे बेत करायचा, कारण बाहेर जाऊन करण्यासारखं दुसरं काही नसतंच. इंजिन गोठू नये म्हणून गाडीची वायर भिंतीतल्या प्लगला जोडायची आणि आपण आत शेगडीपाशी नकाशा पसरून बसायचं. मॅरिटनेही तो पसरला होता. एका कोपऱ्यावर कॉफीचा कप, दुसऱ्यावर धुरावलेल्या सामन माशाची बरणी. तिसऱ्या कोपऱ्यावर तिच्या बाबाने कोपर टेकलं होतं, आणि ते तो काही केल्या उचलत नव्हता, कारण त्याच्या मनातला रस्ता त्या कोपराखालूनच जात होता.

जूनमध्ये आर्विड, म्हणजे तिचा बाबा, अलास्का सोडून जाणार होता. कायमचा. मॅरिटचा भाऊ सिएटलला राहायचा; तिथे डोळ्यांचे डॉक्टर होते, आणि हिवाळ्यात लाकडं फोडावी लागत नव्हती. विमानाने गेलं तर सकाळी निघून जेवायला तिकडे. पण बाबाने तेव्हाच ठणकावलं होतं, “तरुणपणी रस्त्याने आलो, आता समुद्राने जाईन. मला विमानात कोंबून पार्सल करायचं नाही.” म्हणून मग जहाजाची तिकिटं काढली. बाबा, मॅरिट आणि तिची मुलगी टेसा अशी तिघांची. मॅरिटच्या नवऱ्याला, ड्वेनला, अंघोळीच्या टबातसुद्धा मळमळायचं, त्यामुळे तो बंदरापर्यंत सोडून गाडी परत आणणार होता.

जहाजवाल्यांची बस घरापासून बंदरापर्यंत न्यायला तयार होती. बाबाला बस नको होती.

“बस थांबत नाही,” तो म्हणाला.

“थांबते की. फोटोला थांबते.”

“फोटोला थांबते. पर्वतासाठी नाही थांबत.”

डेनालीला इकडे कुणी नावाने हाक मारत नाही. पर्वत म्हटलं की तोच. तो दिसला तर म्हणायचं, पर्वत बाहेर आलाय. एरवी उन्हाळाभर तो ढगांत तोंड खुपसून बसलेला असतो, आणि त्याला बघायला लांबून आलेली माणसं ढगांचे फोटो काढून परत जातात.

बाबाच्या दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या मधोमध, डाग पडला होता. जिथे रोखून बघावं नेमकं तिथेच काही नाही. कडेकडेचं काय ते दिसायचं. लेकीचा चेहरा बघायचा तर तो तिच्या डोक्यावरून वर, छताच्या तुळईकडे बघायचा. नवख्याला वाटायचं, म्हातारा आपल्याला किंमत देत नाही. मॅरिटला आता त्याची इतकी सवय झाली होती, की कुणी सरळ डोळ्यांत बघून बोललं तर तिलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

“डाग वाढतोय,” बाबा त्या दिवशी तुळईला म्हणाला. “खेळायचे पत्ते त्यात गेले. ताटातला बटाटा गेला. तुम्ही सगळे हळूहळू चाललाच आहात. एकच गोष्ट अशी आहे, की जी त्यात मावायची नाही. तेवढी बघून जाऊ दे मला.”

ड्वेनने उगाचच बरणीचं झाकण घट्ट केलं.

मग टेसाने विषय हलका केला. मागच्या उन्हाळ्यात ती पर्वताकडच्या एका कॉफीच्या टपरीवर कामाला होती. “आजोबा, पाहुणे काय करतात सांगू? ‘ताई, पर्वत कुठेय?’ आणि बघतात कुठे, तर समोरच्या झाडांच्या शेंड्यांना! मी म्हणते, मान वर करा. आणखी वर. तो ढग वाटतोय ना, तोच.”

मॅरिट इतकी हसली, की कॉफी नकाशावर सांडली आणि अँकरेज शहर बुडालं. “आयुष्यात कधी मान वर केलेली नाही लोकांनी,” ती म्हणाली.

तिचा स्वतःचा बेत सरळ होता. मोठ्या डांबरी रस्त्याने खाली उतरायचं, पर्वतासमोर एक मुक्काम, आणि सकाळी निघून व्हिटियर बंदर. बाबाने कोपर उचललं. खाली पॅक्सन गावाहून निघणारा कच्चा रस्ता होता. बारीक, तुटक रेघेचा.

“आपण भाड्याने घेणार ती गाडी तिथे न्यायची परवानगी नसते,” ड्वेन म्हणाला.

“मग आपला पिकअप ट्रक न्या.”

“काचेला तडा गेलाय, बाबा.”

“तडा नसलेली गाडी या राज्यात दाखव मला, जावईबापू.”

“आणि वाटेत पेट्रोल नाही, फोन लागत नाही, माणूस नाही,” मॅरिट म्हणाली.

“म्हणून तर तुला गाडी तिथे शिकवली. धडकायला काही नव्हतं.”

बसच्या जागा तिने त्याच संध्याकाळी सोडून दिल्या. एक गोष्ट मात्र तिने बजावली. व्हिटियरला जायला डोंगरातला एकच बोगदा, एका गाडीच्या रुंदीचा. त्यातूनच आगगाडी, त्यातूनच मोटारी, आळीपाळीने. पाळी चुकली तर डोंगराच्या अलीकडे बसून जहाजाचा भोंगा ऐकायचा. “मी म्हणेन तेव्हा निघायचं, बाबा. पर्वत असो नसो.”

“तू म्हणशील तेव्हा,” बाबा तुळईला म्हणाला.

जूनमध्ये पॅक्सनच्या पुढे डांबर संपलं आणि सगळे आपोआप हळू आवाजात बोलू लागले. झाड असं नाहीच. गुडघ्याएवढी झुडपं, शेवाळ, तळी, तळ्यांत ढग. उत्तरेला बर्फाच्या डोंगरांची रांग, आणि त्यांच्या कुशीतून उतरणाऱ्या हिमनद्या, निळसर, गप्प, जणू कुणी दुपारची झोप घेतंय. रात्रीसुद्धा उजेड मालवला नाही. मॅरिटने हा रस्ता किती वेळा पाहिला होता! तरी तिला वाटलं, आपण एवढे लहान आहोत हे घरी विसरायला होतं, ते बरं नाही.

एके ठिकाणी बाबा म्हणाला, “इंजिन बंद कर.” ड्वेनने केलं. आधी काही नाही. मग झुडपांतून टिकटिक, टिकटिक, हजार घड्याळं चालत यावीत तशी. कॅरिबू हरणांच्या पायांतल्या कंडरा चालताना हाडांवर वाजतात, त्याचा आवाज. कळप ट्रकच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेला, शिंगं खिडकीच्या उंचीवर. बाबाने खिडकीतून हात बाहेर काढून नुसता हवेत धरला.

पर्वत मात्र बाहेर आला नाही. डांबरी रस्त्याला लागल्यावरही नाही. त्याच्या अगदी समोरच्या नाक्यावर मुक्काम केला, तर दक्षिणेकडून ढग येऊन थापल्यासारखे बसले.

शेवटच्या सकाळी मॅरिटने सामान बांधलं, सोडलं, परत बांधलं. बाबा कठड्यापाशी घडीच्या खुर्चीवर, मांडीवर घोंगडी घेऊन बसला होता. ती दर थोड्या वेळाने येऊन समोर बघायची. नदीचं रुंद पात्र, काळे डोंगर, आणि त्यांच्या माथ्यावर पांढरं झाकण. काही हललं नव्हतं. ड्वेनने दोनदा घड्याळ बघितलं आणि दोनदा काही न बोलता खिशात घातलं. त्याहून तो काहीतरी बोलला असता तर बरं झालं असतं.

शेवटी ती बाबापाशी जाऊन उकिडवी बसली.

“निघायचं ना?” त्यानेच विचारलं.

“हो, बाबा.” तिने त्याच्या मांडीवरची घोंगडी सारखी केली. “नाही आला रे तो. मी बघतेय सारखी. ढगच आहेत.”

“कुठे बघतेयस?”

“समोर. डोंगरांवर.”

बाबा नेहमीसारखा वर, तिच्या डोक्याच्याही वर बघत होता. तोंड जरासं उघडं. “मॅरिट,” तो हळूच म्हणाला, “तिथे खाली काय बघतेस? टपरीवरच्या पाहुण्यांसारखी?”

तिने मान वर केली. ढगाचं झाकण संपलं, त्यावर निळं आभाळ लागलं. ती तिथेच थांबली, कारण त्याच्या वर काही असण्याचं कारणच नव्हतं. मग तिने आणखी मान वर केली.

आभाळाच्या मध्यावर, जिथे पक्षीच असायचे, तिथे बर्फ होता. कडे होते, खांदे होते, उन्हाने उजळलेला एक अख्खा मुलूख, पायाशिवाय, ढगांवर उभा. कधीपासून होता कोण जाणे. ती सामान बांधत होती तेव्हाही असेल.

तिला हसू आलं आणि रडूही. टेसा धावत आली आणि तिनेही मान वर केली. ड्वेनने टोपी काढली.

“दिसतो सगळा?” मॅरिटने विचारलं.

“मधलं नाही दिसत,” बाबा म्हणाला. “मधे डाग आहे. पण डागाच्या चारी बाजूंनी तो बाहेर आलाय. बघ ना. किती उरलाय अजून.”

ती त्याच्या खांद्याला टेकून बसली. किती वेळ, ते तिने बघितलं नाही. ड्वेनने ट्रक सुरू केला, मग पुन्हा बंद केला.

“चला,” शेवटी बाबाच उठला, घोंगडी झटकत. “तो बोगदा काही माझ्यासाठी थांबायचा नाही.”

तरी गाडीत बसताना त्याने एक गोष्ट केली. पुढची जागा टेसाला दिली आणि स्वतः मागच्या बाजूला, मागच्या काचेतल्या पर्वताकडे तोंड करून सामानावर बसला. अँकरेजपर्यंत तो तसाच होता.