अनंताच्या सुनेचा बाल्या

प्रणाली शिवणकाम करणारी साधी बाई. हरिहरेश्वरच्या बाजारात पूजेच्या सामानाच्या एका दुकानाच्या कोपऱ्यात तिचं मशीन होतं. डोंगरापलीकडच्या वाडीतून एसटीने पंचवीस मिनिटांत ती तिथे यायची आणि दिवसभर ब्लाऊज, परकर, गणपतीचे पडदे असलं काही ना काही शिवत बसायची. नाचाशी संबंध म्हणाल तर दिराच्या वरातीत टाकलेली चार पावलं, तीही नवऱ्याने, दिपेशने, हात धरून ओढलं म्हणून. अशा बाईच्या मागे दोन-दोन नाच एकदम लागावेत आणि आपण त्यातला कुठला शिकतोय हे तिचं तिलाच कळेनासं व्हावं, याला काय म्हणायचं?

सुरुवात एका ओढणीने झाली. मृणाल नावाची पुण्याची बाई एका लॉजच्या जेवणाच्या हॉलमध्ये बुधवारी बेली डान्सचा क्लास घ्यायची. बुधवारीच, कारण शनिवार-रविवार तिथे पर्यटक मासे खात बसलेले असत. तिने ओढणी आणून दिली आणि काठाला पितळी चकत्या शिवायला सांगितल्या. दिसल्या नाहीत तरी चालेल, म्हणाली, पण वाजल्या पाहिजेत. प्रणालीने शिवल्या. माप बघायला म्हणून ओढणी स्वतःच्याच कमरेला बांधली, उठून दोन पावलं चालली, तर चकत्या अशा काही वाजल्या की समोरच्या नारळवाल्याने मान वळवली. ती चटकन खाली बसली. पण बसल्यावरही तिला वाटत राहिलं की अजून एकदा वाजवून बघावं.

ओढणी पोचवायला गेली ती क्लासमध्येच उभी राहिली. मृणालने तिला गुडघे सैल सोडून चालून दाखवायला सांगितलं, निरखून बघितलं आणि विचारलं, "कंबर छान लवते की तुमची. लावणी केलीये का कधी?"

"दरवर्षी करते," प्रणाली म्हणाली. "यंदा चौदा दिवस चालली. अजून कंबर धरलेली आहे."

"चौदा दिवस? कुठे होता कार्यक्रम?"

"आमच्याच शेतात. मग शेजारच्यांच्या."

लॉजच्या मालकिणीला हसू आवरेना. शेवटी तिनेच मृणालला भाताची लावणी काय असते ते समजावून सांगितलं. मृणालही हसली आणि म्हणाली की तरीच. प्रणाली मात्र घरी जाईपर्यंत विचार करत होती की यात आपलं चुकलं काय.

खरा घोळ झाला तो घरी. सासरा अनंता एकेकाळी पंचक्रोशीत गाजलेला बाल्या. बाल्या नाच म्हणजे गणपतीत मध्ये गाणारे, भोवती गोल धरलेले गडी, एकेका पायात घुंगरांची चाळ आणि ढोलकी घुमू लागली की अंगणाची माती उडालीच पाहिजे. या वाडीत तो पुरुषांचाच. पण गडी मुंबईला गेले, कंपन्यांत लागले, आणि नाचणारे उरले पाच. पाचांत जोड्या लागत नाहीत. दोन वर्षं वाडीत बाल्या झाला नव्हता आणि अनंताची चाळ खुंटीला लटकत होती.

अनंता कानाने कमी होता. पण ते कमी ऐकू येणंही मोठं हुशार होतं. दवाखान्यात चला म्हटलं की ऐकू येत नसे; खिंडीत एसटी वळली की मात्र ओट्यावरून पहिला तोच उठे. वाडीला हे माहीत होतं, प्रणालीलाही होतं. तरी वेळेला कुणाला आठवतं?

"बुधवारची उशीर का करतेस गो?" त्याने एक दिवस विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर तिने आठवडाभर घोकलं होतं. शिवणाचं काम वाढलं म्हणायचं ठरलं होतं. पण तोंडातून खरंच निघालं, तेही पुटपुटल्यासारखं. "बेली डान्सला जाते, बाबा."

अनंताने कानामागे हात धरला. "बाल्या डान्सला?"

आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं की तिला पुढचं बोलवेना. सासू गेल्यापासून या माणसाला तिने एवढं खूश कधी बघितलं नव्हतं. "व्हय," ती म्हणाली. एवढा एकच शब्द.

दुसऱ्या दिवशी चाळ खुंटीवरून उतरली. अनंताने ती चिंचेने घासून लखलखीत केली आणि सकाळी सुनेला अंगणात उभं केलं. पुण्याची बाई शिकवते तेवढ्याने भागायचं न्हाय, म्हणाला, आपला ठेका वेगळा. नवख्याच्या पायात पहिली चाळ जुन्याजाणत्याने बांधायची अशी रीत. अनंताच्या पायात त्याच्या बापाने बांधली होती. पण सुनेच्या पायाला सासऱ्याने हात कसा लावायचा? त्याने चाळ पायरीवर ठेवली आणि तोंड फिरवून उभा राहिला. तिची तिनेच बांधली.

आठवडा उलटायच्या आत अनंताने ढोलकी वाजवणाऱ्या सदूला सांगून टाकलं की सहावा गडी मिळाला, गौरीच्या दिवशी माझी सून नाचणार. सदूने बाईमाणूस कसं चालेल म्हणून हुज्जत घातली. अनंताला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

प्रणालीने दिपेशला फोन केला. तो दिघीला बंदरावर कामाला होता, रविवारी तेवढा घरी यायचा.

"बाबांना खरं काय ते सांगून टाक," तो म्हणाला. "ऐन गौरीला वाडीसमोर त्यांची शोभा होईल." मग म्हणाला, "नाहीतर नकोच. सांगितलंस तर तुझा क्लास बंद."

"मग करू काय?"

"मला काय विचारतेस?"

झालं. सांगावं तर बुधवार जातो, न सांगावं तर चारचौघांत म्हाताऱ्याची मान खाली जाते. आणि बुधवार जाऊ द्यायला ती तयार नव्हती. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. पहिल्याच तासाला मृणालने सगळ्यांना सांगितलं होतं, "पोट आत ओढू नका. सोडा. श्वास पोटापर्यंत जाऊ द्या." लेकीच्या, प्राप्तीच्या बाळंतपणात ऑपरेशन झाल्यापासून नऊ वर्षं प्रणाली ते पोट आत ओढून, वर पदर घेऊन हिंडत होती. तिने ते सोडलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शेजारी उभ्या असलेल्या केसर नर्सने नुसता रुमाल पुढे केला. दुखत काहीच नव्हतं, मग रडू कशाचं? नाच शिकायला आलो की रडायला, हे तिला त्या दिवशी कळलं नाही, पुढेही कळलं नाही. कळलं एवढंच की पुढच्या बुधवारी यायचंच.

तर आता बुधवारी मृणाल सांगे, "पाय शांत. वर काय चाललंय ते पायांना कळताच कामा नये." आणि रोज सकाळी अनंता सांगे, "कंबर ताठ. काय बोलायचं ते पायानं." एकीकडे पाऊल सरकवायचं, दुसरीकडे आपटायचं. इकडे खांदे स्थिर, तिकडे खांद्यावर सगळा झोक. बिचाऱ्या अंगाने ऐकायचं तरी कुणाचं? एका बुधवारी तिने क्लासमध्ये पाय असा दणकन आपटला की टेबलावरचे ग्लास वाजले. मृणालने घाबरून विचारलं, झुरळ होतं का.

अंगणात याच्या उलट. तिसऱ्या ठोक्याला गिरकी घ्यायची तिथे तिची कंबर आपसूक बाजूला सरकली, पाण्यात सरकावी तशी. प्रणाली जागच्या जागी गोठली.

"चुकलं, बाबा."

"पुन्हा कर बघू," अनंता म्हणाला.

तिने मुद्दाम ताठ कंबरेने करून दाखवलं. त्याने मान हलवली, पण ती पसंतीची की नापसंतीची ते काही तिच्या लक्षात आलं नाही. रात्री भात वाढताना तिने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

गौरीच्या आधीचा बुधवार. क्लास नुकताच सुरू झाला होता. बायकांनी कमरेला चकत्यांच्या ओढण्या बांधल्या होत्या, मोबाईलवर गाणं लागलं होतं, आणि दारात अनंता उभा. धुतलेली टोपी, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात नारळ.

"गुरूला नारळ द्यावा म्हटलं," तो म्हणाला. "सून शिकते तर रीत हाय."

प्रणालीने ओढणीच्या चकत्या मुठीत धरल्या, वाजू नयेत म्हणून. इतके दिवस जे सांगायला जीभ उचलली नाही ते आता त्याच्या डोळ्यांसमोर कमरेला बांधून उभं होतं. अनंताने सगळ्यांकडे एकदा बघितलं, ओढण्यांकडे बघितलं, नारळ मृणालच्या हातात दिला, तिला हात जोडले आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. मृणालला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला फक्त आनंद झाला.

तेवढ्यात लाईट गेली आणि स्पीकर गप्प झाला. हॉलमध्ये उजेड होता, गाणं तेवढं नव्हतं.

"आजोबा, तुम्हाला ताल धरता येतो का?" मृणालने विचारलं.

अनंता उठून लॉजच्या स्वयंपाकघरात गेला आणि भाताचं मोठं पातेलं घेऊन आला. ते पालथं घातलं, दोन बोटांनी चाचपलं आणि ठेका धरला. तो बाल्याचाच ठेका होता. प्रणाली महिनाभर रोज सकाळी तो ऐकत होती. बाकीच्या बायका अडखळल्या, हसल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. प्रणालीला पळून जावंसं वाटत होतं, पण पाय आधीच उचलला गेला होता. मग कंबर गेली. पाय आपटत होते की सरकत होते, खांदे कुठे होते, तिला ठाऊक नाही. पोट सुटलेलं होतं. पातेलं थांबलं तेव्हा घामाने तिचा ब्लाऊज पाठीला चिकटला होता आणि बाकीच्या बायका बाजूला होऊन तिच्याकडे बघत होत्या. अनंता स्वतःच्या हातांकडे बघत होता.

परतीच्या एसटीत दोघं मागच्या बाकावर शेजारी बसली. चार माणसं सोडून पुढे सदू होता, बाजार करून निघालेला. गाडी घाट चढू लागली तशी खडखडाटाने बोलणं मुश्कील झालं. अनंता काही बोलला नव्हता, आणि ते तिला शिव्यांपेक्षा जड जात होतं. ती खिडकीकडे तोंड करून, स्वतःशीच म्हणावं इतक्या हळू म्हणाली, "पैल्याच दिवशी खरं सांगायला पायजे होतं मी."

"सांगितलंस की," अनंता म्हणाला.

ती वळली.

"बेली म्हणालीस. ऐकलं मी. टीवीवर काय कमी दावतात ते?"

"मग बाल्या का म्हणालात?"

त्याने पिशवी मांडीवर नीट केली. "बेली ऐकलं असतं तर सासरा म्हणून मला न्हाय म्हणायला लागलं असतं. बुधवारची तू हसत घरी येतेस. प्राप्ती झाल्यापास्नं तशी कवा आलीस?" मग म्हणाला, "आणि मला सहावा गडी पायजे होता. खोटं कशाला बोलू."

प्रणालीला राग आला. सुटल्यासारखंही वाटलं, लाजही वाटली, आणि या तिन्हींतलं आधी कुठलं धरावं ते कळेना. "महिनाभर मला झोप न्हाय, बाबा."

"मला तरी कुठं? तू आज सांगशील, उद्या सांगशील म्हणून जागाच की."

पुढून सदूने मान वळवली. "अनंतादा," तो ओरडला, "त्या लॉजवर बाया कमरंला काय काय बांधून नाचतात म्हणं. तुझी सून तिथंच जाते काय?"

सगळी एसटी मागे बघू लागली. अनंताने सावकाश कानामागे हात धरला.

"काय?"

सदूने पुन्हा विचारलं, आणखी मोठ्याने.

"न्हाय रं ऐकू येत. गाडीचा आवाज हाय."

सदू कंटाळला. पुढे वळला आणि शेजारच्याला साध्या आवाजात म्हणाला, "गौरीला ती नाचणार तरी हाय का, कुणाला ठावं."

"नाचणार," अनंता मागून म्हणाला. "तिच्या पायात चाळ मी बांधणार."

प्रणालीने पाय बाकाखाली ओढून घेतले होते. ती कुठला नाच नाचणार, हे अजून तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं. खिंड आली, वाडीचे दिवे दिसले, अनंता नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी उठला. तेव्हा तिने पाय पुढे घेतले आणि त्याच्या मागोमाग उतरली.