चुलीचा देव

चौऱ्याहत्तर सालच्या नागपंचमीच्या आदल्या दिवशी अक्काला माहेरी आणायला मी सोलापुरात तिच्या सासरी गेलो. भाच्यासाठी चिनी गोष्टीचं चित्रांचं पुस्तक नेलं. त्यात चुलीचा देव वर्षअखेर घरातलं सगळं सांगायला स्वर्गात निघतो, म्हणून घरचे त्याच्या तोंडाला मध फासतात.

अक्काच्या हातावर उलथन्याच्या आकाराचा डाग होता.

"चुलीचा चटका," सासू म्हणाली. "औंदा तिला यायला जमायचं न्हाय." आणि तिनं मला तिसरी पुरणपोळी वाढली.

पुस्तकातून मान वर करत भाचा म्हणाला, "आजी, मामाला अजून वाढ की. तोंड चिकटलं न्हाय."

सगळे हसले. मीही हसलो. अक्का तेवढी हसली नाही.

होटगीला परतलो तर आई दारातच उभी. "एकटाच? अक्का कशी हाय रे?"

"लई सुखात हाय," मी म्हणालो.

पोळ्या खरंच चांगल्या होत्या.