धवल्यासाठी लग्न

एर्विन लाउटेनबाख हे नाव आमच्या दारावे गावात कुणालाच धड उच्चारता आलं नाही, म्हणून गावानं त्यांना सरळ 'प्रोफेसर' करून टाकलं. माणूस जर्मन. मुंबईच्या एका कॉलेजात ग्रीक आणि लॅटिन शिकवायला दोन वर्षांसाठी आला आणि वीस वर्षं राहिला. वाशीचा पूल झाला, आमच्या भातशेतीत नव्या शहरासाठी सरकारी खुंट्या ठोकल्या गेल्या, त्याच सुमाराला त्यांनी माझ्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मी हिरामण, गावचा शाळामास्तर. शहाण्या माणसांचा मला मुळातच राग, पण या माणसाचा राग काही केल्या येईना.

त्यांचं आयुष्य जुन्या ग्रीक कवींत गेलेलं. ते कवी म्हणे लिहीत नसत, पाठ असलेलं गात. "मी मात्र जन्मभर कागदच वाचले, हिरामणजी. तसे गाणारा कंठ एकही ऐकला नाही," असं ते म्हणायचे. आणि कंठ तर चार घरं सोडून राहत होता! माझी चुलती केशरबाई ही गावची धवलारीण. आम्हा आगऱ्यांचं लग्न ती धवले गाऊन लावते. देवांना, पितरांना गाण्यातूनच मांडवात बोलावते. पण जमिनीचे पैसे आले तसे बँड आणि कर्णे आले, आणि काकीच्या वाट्याला दोन ओळी उरल्या.

ब्याऐंशी साली प्रोफेसर निवृत्त झाले. मे महिन्यात मायदेशी परतायचं ठरलं. त्याआधी अख्खा धवला ऐकायचा, एवढीच त्यांची इच्छा. टेपरेकॉर्डर घेऊन ते काकीच्या ओटीवर गेले. सोबत मी होतो आणि जयमालाबाई होत्या. या त्यांच्या कॉलेजच्या ग्रंथपाल, राहायला वाशीला, लग्न न केलेल्या. दर रविवारी प्रोफेसरांचे लेख टाइप करायला यायच्या आणि जेवून, पोटभर हसून संध्याकाळच्या बसनं जायच्या. त्या दोघांचं काय आहे ते अख्ख्या गावाला कळलं होतं, त्या दोघांना सोडून.

काकीनं यंत्राकडे तुच्छतेनं पाहिलं.

"मांडव नाय, नवरी नाय, तं मी देवांना कंच्या लग्नाला बोलवू? आल्यावर काय सांगू त्यांना, टेप भराला बोलवलंय?"

"मग उपाय काय?" प्रोफेसरांनी विचारलं.

"लगीन कर! नवरी तं बाजूलाच बसलेली हाय."

जयमालाबाई लाल झाल्या. प्रोफेसर तर कानापर्यंत लाल झाले.

पुढच्या रविवारी त्यांनी भर उकाड्यात कोट चढवला. मी खिडकीत वाल सोलत होतो, म्हणजे ऐकत होतो. प्रोफेसर आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "जयमालाबाई, संपूर्ण धवला ऐकण्यासाठी विवाह आवश्यक आहे. तेव्हा तो आपण दोघांनी करावा, असे मी सुचवतो."

मी कपाळावर हात मारला.

"म्हणजे मी तुमच्या अभ्यासाची सामग्री!" बाईंनी टाइपरायटरवर झाकण घातलं आणि न जेवता निघून गेल्या.

त्यानंतरचे रविवार सुने गेले. प्रोफेसरांचा चेहरा बघवेना. शेवटी माझंच डोकं फिरलं.

"अहो, इतकी वर्षं प्रेमाच्या कविता शिकवल्यात आणि विचारताना काय बोललात? तुम्हाला धवला हवाय की बाई?"

"बाई," ते लगेच म्हणाले आणि स्वतःच दचकले.

"मग तेच सांगा की!"

टेपरेकॉर्डर त्यांनी माझ्या शाळेला देऊन टाकला. वाशीला एकटं जायचा धीर होईना म्हणून मला ओढत नेलं. दार उघडताच ते उंबऱ्याबाहेरूनच बोलू लागले.

"धवला नको. यंत्रही नको. कोर्टात सही करू, कुणी काही गायचे नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी मेमध्ये जाईन. पण मला जायचे नाही. तुम्ही रविवारी येत नाही तेव्हा मला कशातच अर्थ वाटत नाही."

बाईंनी पदरानं डोळे पुसले. "आत या. आमटी करपतेय," त्या म्हणाल्या. मला तर तिथंच टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

ही बातमी काकीला लागली आणि तिनं घर डोक्यावर घेतलं. "कोरटान लगीन? माज्या गावान? धवल्याबिगर? मी काय मेली?" तिनं माझ्याच अंगणात मांडव घालायला लावला. बँडवाल्यांना वेशीवरून परत पाठवलं. वाशीहून जयमालाबाईंचे भाऊ, भावजया आले, त्यांनाही तिनं हळदीच्या कामाला जुंपलं.

लग्नाच्या सकाळी प्रोफेसर डोक्याला बाशिंग बांधून पाटावर बसले. पोरांनी हसून घेतलं. मग काकीनं तोंड उघडलं. बारीक, चिरका, पण न थांबणारा सूर. तिनं कार्ल्याची एकवीरा बोलावली, गावदेवी बोलावली, खाडी बोलावली, सगळ्यांचे मेलेले आईबाप बोलावले. प्रोफेसरांनी डोळे मिटले नाहीत की मान डोलावली नाही. ते फक्त जयमालाबाईंकडे बघत होते.

मध्येच काकी थांबून माझ्याकडे वळली.

"नवऱ्याचा गाव सांग. त्याबिगर पुढं जाता येत नाय."

प्रोफेसरांचं लहानपणीचं गाव युद्धात बेचिराख झालेलं, मग त्याचं नावसुद्धा बदललेलं. त्याविषयी ते एवढंच, तेही एकदाच बोलले होते. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होतो.

"दारावे," प्रोफेसर म्हणाले.

काकीनं मान हलवली आणि नवरदेव दारावे गावचा म्हणून सूर उचलला. मागच्या बायांनी तो झेलला. मी मांडवाच्या खांबाला धरून रडलो. आनंदानं रडायची लाज कसली?