स्टेट लाइन रोडवरचा परवाना

मी एक जुना परवाना आहे. मित्रांनो, गाडी चालवण्याचा नव्हे हं, घरासाठी कर्ज देण्याचा! अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याने मला जन्म दिला आणि लोरेटाबाईंच्या कचेरीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर मी ऐटीत टांगलेला आहे. मी असातसा मिळत नाही. बाईंनी परीक्षा दिली, बोटांचे ठसे दिले, सरकारने त्यांची सगळी कुंडली तपासली, तेव्हा कुठे मी भिंतीवर चढलो. दर डिसेंबरात माझी मुदत संपते. त्याआधी बाईंना पुन्हा वर्गात बसावं लागतं. "या वयात शाळा!" म्हणून त्या कुरकुरतात, पण बसतात.

आमचा रस्ता म्हणजे दोन राज्यांची हद्द. अलीकडे कॅन्सस, पलीकडे मिझुरी. बरोबर समोर गसची कचेरी. तोही घरकर्जच देतो, पण त्याच्या भिंतीवर मिझुरीचा परवाना आहे. हा गस एके काळी बाईंचा नवरा होता. घटस्फोटानंतर दोघं एकमेकांचं तोंड पाहत नसत.

मागच्या ऑक्टोबरात रॉक्सॅन आली. शाळेची बस चालवणारी, दोन मुलींची आई. तिला मनासारखं घर सापडलं होतं. महिनाअखेरीस पैसे पोचले नाहीत तर मालक ते दुसऱ्याला देणार होता. बाईंनी झपाट्याने कागद करायला घेतले. बोलता बोलता रॉक्सॅन हसून म्हणाली, "गंमत बघा, नव्या घरापाशी मिझुरीची बस येते. माझ्याच मुली माझ्या बसमध्ये नसणार!"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. पत्त्यात कॅन्ससचं गाव होतं, कारण तिथलं टपाल आमच्या पोस्टातून जातं. घर मात्र हद्दीपलीकडे! बाईंनी पत्ता पाहिला, हद्द पाहिलीच नाही.

"पत्ता तर आपलाच आहे," मदतनीस हार्लन कुजबुजला. "चालवून घेऊ. कोण बघतंय?"

"तो बघतोय," बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "घर जिथे उभं, तिथलाच परवाना लागतो."

खरं सांगतो, मला फार अभिमान वाटला. पण रॉक्सॅन उसळली, "वा! नियम तुमचा आणि घर जाणार माझं? मुलींना काय सांगू मी?"

बाईंनी समोरच्या गसच्या दाराकडे पाहिलं. मग त्यांनी फोन उचलला. थोड्या वेळाने गस दारात उभा!

"काय गं लोरेटा, आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं?"

"टोमणे नंतर मार. हिचं घर मिझुरीत आहे. महिनाअखेरीच्या आत कर्ज करून दे."

"आणि यात तुला काय मिळणार?"

"काही नाही. करून दे म्हटलं ना!"

गस काहीतरी बोलणार होता, पण रॉक्सॅनकडे पाहून थांबला. "चला ताई," एवढंच म्हणाला. सगळे कागद त्याला नव्याने करावे लागले. रॉक्सॅन रोज बसची फेरी संपवून धापा टाकत त्याच्याकडे शिरायची, ते मला खिडकीतून दिसायचं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती त्याच्या दारातून बाहेर आली. रस्त्यातच थांबून तिने आमच्या खिडकीकडे किल्ली उंच धरली. बाईंनी बाहीने डोळे पुसले आणि हार्लनला उगाचच दटावलं, "बघतोस काय? कामाला लाग!"

मित्रांनो, उद्या तुम्हीही घर घ्यायला निघाल. तेव्हा कर्ज देणाऱ्याच्या गोड तोंडाकडे मागाहून बघा, आधी त्याच्या भिंतीकडे बघा. राज्य कुठलं, मुदत कधीची, बिनधास्त वाचा. वाचलं म्हणून कोणी डोळे वटारले, तर सरळ उठा आणि दुसरं दार गाठा.