तिसरं प्रकरण

काकांच्या डोळ्याचा पडदा सुटला होता. ऑपरेशन करून डॉक्टरांनी आत वायूचा बुडबुडा सोडला आणि बजावलं, दहा दिवस पालथं पडून राहायचं, मान वर केलीत तर डोळा गेलाच म्हणून समजा. काका पडले छापखान्यातले मुद्रितशोधक. चाळीस वर्षं लोकांच्या चुका धरण्यात गेलेली. वाचायला काही नसलं तर औषधाच्या खोक्यावरचा मजकूर तपासणारा माणूस. तो दहा दिवस फरशीकडे बघत कसा पडणार, हीच काकूंची काळजी होती.

मग त्यांनी आपली स्वीडिश कादंबरी बाहेर काढली. साठीला टेकल्यावर ही भाषा शिकायची कशाला, असं कुणी विचारलं की काकू सांगत, कानाला गोड लागते म्हणून. काका मात्र चिडवायचे, कारण काकूंनी आजवर हाती घेतलेलं सगळं अर्ध्यावर सोडलं होतं. आता त्या सकाळी एक प्रकरण वाचायच्या आणि दुपारी खाटेशेजारी बसून ते काकांना सांगायच्या. त्यात दीपगृह सांभाळणारा एक तिरसट म्हातारा होता. काकांचा त्याच्यावर भारीच जीव जडला. हूं की चूं न करता ते पडून राहू लागले.

तिसऱ्या प्रकरणाशी गाडं अडलं. एकेका ओळीत चार-चार शब्द अनोळखी. स्वीडिशच्या वर्गातल्या बाईंचं सांगणंच होतं, अडलं तर सोडा, पुढे चला. काकूंनी अख्खं प्रकरण सोडलं. पण काकांना काहीतरी सांगायला हवं, म्हणून त्यांनी म्हाताऱ्याला वादळात होडीसकट बुडवून टाकलं. त्या दिवशी काका धड जेवलेही नाहीत.

आणि सातव्या प्रकरणात, पुतणीच्या लग्नात, तो म्हातारा नवा कोट घालून ठणठणीत हजर.

सारवासारव करावी तर काकांपुढे ती टिकणार नव्हती. खरं सांगावं तर गोष्टीवरून मन उडायचं आणि हा माणूस तिरीमिरीत उठून बसायचा. शेवटी काकूंनी आधी काकांच्या मानेवर हात घट्ट दाबून धरला आणि मग सगळं कबूल केलं.

खालूनच काकांचा आवाज आला.

"म्हणजे चार दिवस मी उगाच हळहळलो?"

"हो."

"तिसरं काढ. शब्दकोशही घे."

"अहो, फार अवघड आहे ते. एक पान व्हायला तास जाईल."

"जाऊ दे. मला कुठे जायचंय?"

प्रकरण चौदा पानांचं. काकू अडखळत वाचायच्या, शब्द शोधायच्या, चुकायच्या, पुन्हा शोधायच्या. तीन दिवसांत बारा पानं झाली. म्हातारा त्यात फक्त होडी रंगवत होता आणि बायकोशी झालेलं भांडण आठवत होता.

दहावा दिवस संपल्यावर डॉक्टरांनी डोळा तपासला आणि खुशाल मान वर करा म्हणाले. घरी येताच काका सरळ खाटेवर जाऊन पालथे झाले.

"अहो, आता बसून ऐका की," काकू म्हणाल्या.

"बसलो की तू माझ्या तोंडाकडे बघत वाचशील. आणि चुकायला घाबरशील. दोन पानं राहिलीत ना, वाच."

काकूंना क्षणभर अक्षरं दिसेनात. मग त्यांनी डोळे पुसले आणि वाचायला घेतलं. पहिल्याच ओळीत त्या दोनदा अडखळल्या, आणि न थांबता पुढे गेल्या.