खालची फांदी

चिमणाजीपंतांनी सोनचाफ्याचे रोप ओल्या गोणपाटात गुंडाळून नागपूरहून रायपूरला आणले. त्यांचे चिरंजीव बळवंतराव यांनी ते तात्यापारा मोहल्ल्यात आमच्या मागच्या अंगणात वाढवले आणि पहिल्या फुलासाठी अकरा वर्षे वाट पाहिली. बळवंतरावांचे चिरंजीव विनायकराव, म्हणजे माझे सासरे, यांनी नियम घातला की भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या मस्तकी याच झाडाचे फूल चढेल, बाजाराचे नाही. त्यांच्यामागे ते झाड आणि तो नियम, दोन्ही माझ्याकडे आले. मी गोदावरी, त्यांची थोरली सून.

फूल गर्द केशरी. एक उमलले की गल्लीच्या तोंडापर्यंत कळत असे.

हिरालाल रोपवाटिका चालवीत असे. सासऱ्यांच्या परवानगीने तो दर आषाढात आमच्या झाडावर कलमे बांधायला येई. मचाण उभारायचे, कुंडीतले रोप फांदीपर्यंत उचलायचे, दोघांची साल तासून एकमेकांना घट्ट बांधायचे आणि अडीच महिन्यांनी जीव जुळला की फांदी मूळ झाडापासून कापायची. कुंडीतले रोप तो खुंट. ते बियांचे, कोणत्याही कुळाचे. फूल येते ते वर बांधलेल्या फांदीचे. मचाणाखाली उभी राहून मी हे सारे शिकले.

पंच्याऐंशी साली हिरालाल म्हणाला, "बाईसाहेब, खोडकिडा लागला. औषध भरतो." त्याने खोडाला सात भोके पाडली. दिवाळीपर्यंत झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत वाळले. त्याआधीच त्याने बावीस कलमे बांधून नेली होती. त्यांना तो 'हिरा चाफा' म्हणून विकू लागला.

पुढच्या भाद्रपदात देवीसाठी फूल नव्हते. मी स्वतः त्याच्या रोपवाटिकेत गेले. फाटकाशी दहाबारा गिऱ्हाइके होती. मला पाहून तो खुर्चीवरून उठलासुद्धा नाही.

"रांगेत या, बाई. इथे सगळे सारखे."

कोणीतरी हसले. मी रांगेत उभी राहिले, तासभर, उन्हात. शेवटी त्याने माझ्यासमोर एक कुंडी ठेवली. रोपाच्या खोडाला फडक्याची पट्टी गुंडाळलेली होती. "तुमच्याच झाडाचं कलम. पट्टी वर्षभर सोडू नका."

कलमाचा सांधा पाहून घ्यायचा असतो, हे मला ठाऊक होते. पण त्या दिवशी मला मान वर करवली नाही.

त्या झाडाला मी नऊ वर्षे पाणी घातले. नऊ वर्षे महालक्ष्म्यांना बाजाराचे फूल चढले आणि नऊ वर्षे जावा एकमेकींकडे पाहत राहिल्या. दहाव्या वर्षी कळी उमलली. पांढुरकी, वासाला कच्च्या काकडीसारखी. पट्टी केव्हाच कुजून गळाली होती, पण तिच्याखाली मी पाहिलेच नव्हते; सांधा तिथे कधी नव्हताच. त्याने मला नुसता खुंट दिला होता.

मी रडले नाही, भांडायलाही गेले नाही. पुढच्या वर्षी दुर्गला एका डॉक्टरांच्या आवारात तो वास आला, तेव्हा रिक्षा थांबवली. त्यांनी हिरालालकडूनच कलम घेतलेले होते. त्यांच्याकडून तीन काड्या मागून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. माझ्या खुंटाचा शेंडा छाटला, पाचर मारून काड्या बसवल्या. दोन वाळल्या, एक लागली. चौथ्या भाद्रपदात देवीच्या मस्तकी पुन्हा केशरी फूल चढले.

खुंटाची एक फांदी मात्र मी ठेवली. सगळ्यांत खालची, हाताला येणारी. दर वर्षी माळी विचारी, छाटू का? मी नाही म्हणे.

तीन वर्षांपूर्वी आषाढात हिरालालचा मुलगा निरंजन दारात उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, हातात मिठाईचा डबा.

"मावशी, बाबूजीनं पाठवलं मले. सिलतऱ्याच्या बाजूची जमीन आम्ही गोडाऊनवाल्याले देल्ली, तं झाडं सारी कटून गेली. आता नव्या रायपूरले बाबूजीच्या नावानं नवी नर्सरी लावून राहिलो. हिरा चाफा पाहिजे. पुऱ्या शहरात आता तुमच्याचकडे आहे, महालक्ष्म्यांले तेच फूल चढते म्हणते."

"हिरा चाफा? हे नाव कोणी ठेवले?"

"बाबूजीनं."

"तुझ्या बाबूजींनी बऱ्याच गोष्टींना नावे ठेवली. किती कलमे हवीत?"

"बारा."

"उद्या ये."

त्या संध्याकाळी खालच्या फांदीवरच्या सगळ्या कळ्या मी माझ्या हाताने खुडल्या.

दुसऱ्या दिवशी निरंजनने झाडाखाली उभे राहून वर पाहिले. मी त्याला अर्धा शब्दही खोटा सांगितला नाही. "वरच्या फांद्यांना मचाण लागेल. खालची हाताला येते. निवड तुझी."

"खालचीच बरी, मावशी. मचाणीची झंझट कोण करते?"

हिरालालने आयुष्यभर मचाण बांधले. मुलाने स्टूल मागितले. मी दिले.

गेल्या श्रावणात निमंत्रण आले: हिरा चाफ्याच्या पहिल्या बहराचा सोहळा. नात रुचिता मला गाडीने घेऊन गेली. माझ्या मांडीवर एक कुंडी होती.

"आजी, चाळीस साल हो गए. अब छोड़ दो ना."

"चाळीस नाही, अडतीस. समोर बघून चालव."

रुंद रस्त्याच्या कडेला मांडव घातला होता. बारा झाडे ओळीत, प्रत्येकाला रेशमी फीत. पन्नासेक पाहुणे. चाकाच्या खुर्चीत हिरालाल, सत्त्याऐंशीचा, पांढऱ्या फेट्यात. निरंजनने चांदीच्या तबकात फुले फिरवली. एका पाहुण्याने फूल नाकाशी नेले, पुन्हा नेले.

"निरंजन भैया, यही है वो खुशबू वाला?"

"पहिल्या बहराचा वास जरा कमी असते," निरंजन म्हणाला. पाठीमागे कोणीतरी खुदकन हसले. ते हसू मी ओळखले. अडतीस वर्षांपूर्वी फाटकाशी तेच ऐकले होते.

तबक हिरालालपाशी आले. त्याने फूल उचलले, पाकळी चुरगळली, बोटे नाकाशी धरली.

"हा तं खुंट आहे," तो म्हणाला. "काहून रे, कोणती फांदी धरली तू?"

"खालची, बाबूजी."

"पान नाही पाहिलं? सांधा नाही पाहिला?"

निरंजनने तबक खाली ठेवले. पाहुणे आपापली फुले हळूच खुर्च्यांखाली ठेवू लागले. हिरालालची नजर मांडवभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. मी उठून त्याच्यासमोर गेले.

"बाईसाहेब," तो म्हणाला. हा शब्द त्याने इतक्या वर्षांनी परत केला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"कळ्या मीच खुडल्या. झाड तुमचेच आहे, हिरालाल. तुम्ही दिलेले. मी फक्त नऊ वर्षे पाणी घातले."

त्याने चुरगळलेली पाकळी खाली टाकली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "एक खरं कलम द्या. मरायच्या आधी एकदा तो वास घेऊ द्या."

"रांगेची गरज नाही. मी घेऊनच आले आहे."

कुंडी मी त्याच्या मांडीवर ठेवली. रोप हातभर उंच, खोडाला फडक्याची पट्टी. त्याची बोटे पट्टीच्या गाठीपर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

"किती वर्षं लागतील?"

"नऊ."

खाली सांधा आहे की नाही हे पाहायला त्याने गाठ सोडली नाही. कुंडीला दोन्ही हातांचा विळखा घालून तो म्हणाला, "सात भोकं पाडली होती, बाईसाहेब. किडा एकातही नव्हता."

हे मला कधीपासून ठाऊक होते. त्याच्या तोंडून ऐकायचे राहिले होते.

"आता फिटलं?" त्याने विचारले.

"फिटले," मी म्हणाले आणि रुचिताला गाडी काढायला सांगितले.