लेबलावर मावेल एवढं

चौतीस वर्षं औषधवाल्या काकांनी गोळ्यांच्या पाकिटांवर लिहिलं, ‘जेवणानंतर एक. पाण्यासोबत.’ अर्थ विचारायला कधी कुणी परत आलं नाही. दुकान सोडलं, दोन महिन्यांत काकू गेल्या, आणि काका कवी झाले. मग मात्र अर्थ ज्याला त्याला विचारावा लागू लागला.

दर रविवारी एक कविता दूरच्या शहरातल्या लेकीच्या फोनवर जाई. कवितेत विरहव्याकुळ गात्रं असत, तिमिराचे तट असत. लेकीनं एकदा तरी नीट वाचावं, एवढीच काकांची आस. लेक उत्तर देई, ‘छान.’ काकांकडे हिशेब चोख होता: कविता एकेचाळीस, ‘छान’ एकोणचाळीस, नुसते अंगठे दोन.

बेचाळिसाव्या कवितेत त्यांनी खडा टाकून पाहिला. मधोमध खोकल्याच्या बाटलीवरची ओळ घातली: ‘प्रकाशापासून दूर ठेवावे, वापरण्यापूर्वी हलवावे.’

उत्तर आलं, ‘छान.’

काका एकटेच खो खो हसले. हसू ओसरलं तेव्हा घर उगाचच मोठं वाटलं. लेकीला बोल लावणं सोपं होतं. पण औषध घशाखाली उतरत नसेल तर गिऱ्हाइकाच्या घशाला नावं ठेवू नयेत, एवढं धंद्यानं शिकवलं होतं.

पुढच्या रविवारी त्यांनी वही उघडली. ‘विरह’ लिहिला, खोडला. ‘रिक्तता’ खोडली. साधं ‘उदास’सुद्धा टिकेना. लेबलावर मावेल एवढंच ठेवायचं, असं ठरवल्यावर उरलं ते असं:

रविवारी तुझ्या आईची
गोळ्यांची डबी भरतो.
सात खण.
सकाळी पांढरी, रात्री पिवळी.
चुकत नाही.

चारचौघांत सदरा काढल्यासारखं झालं त्यांना. तरी पाठवलं, आणि फोन पालथा ठेवला.

तो लगेच वाजला.

“बाबा, आईला जाऊन दहा महिने झाले.”

“माहितेय गं.”

“मग हे काय?”

“यमक नाही जुळलं, म्हणून विचारतेस?”

“बाबा!”

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

“आणि त्या गोळ्यांचं काय करता?”

काकांना सवयीनं दोन-तीन भारदस्त शब्द सुचले. त्यांनी ते गिळले.

“शनिवारी परत बाटलीत ओततो,” ते म्हणाले.